बांधाखालचा झरा

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी गुणपाल झऱ्यात पाय सोडून बसले होते. म्हणाले, "हेमा, तळव्यांना गुदगुल्या होतायत."

"मासे असतील."

"मासे चावतात गं. हे खालून कुणीतरी फुंकर घालतंय. लेकीनं भरलेल्या पैशांत हेही धरलेलं दिसतंय."

रनमीत या रिसॉर्टमधला तो आमचा दुसरा दिवस. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेकीनं तीन रात्रींची भेट दिली होती. नऊ मातीची घरं, गवताची छपरं, वीज नाही. संध्याकाळी खोबरेल तेलाचे दिवे लागत आणि सकाळी नारळाच्या दुधातली हिरवी पेज गुळाच्या खड्याबरोबर येई. हे सगळं माझ्या आजोळी फुकट होतं आणि आम्ही त्यातून कधी सुटतो याची वाट बघत होतो, असं मी लेकीला सांगितलं नाही.

नऊपैकी सहा घरं तलावाच्या बांधाखाली होती. बांध दोन माणसं उंच. त्याच्या पलीकडे तलाव, अलीकडे घरं आणि घरांच्या खाली गावाची भातशेती, पिकून पिवळी झालेली. फेब्रुवारीच्या शेवटी पाऊस येत नाही, पण यंदा चार दिवस आला होता आणि तलाव काठोकाठ भरला होता.

झरा बांधाच्या पायथ्याशी होता. दगडांनी बांधून काढलेला, गुडघाभर खोल, पाहुण्यांनी पाय सोडून बसावं असा. त्याची गोष्ट व्यवस्थापक दिलरुक यांनी आम्हाला पहिल्याच संध्याकाळी सांगितली होती. बांधावर अय्यनायक देवाचं मोहाचं झाड होतं. दर सुगीनंतर गाव तिथं मडकी बांधायचं. चार वर्षांपूर्वी झाड वाळून कोसळलं, फक्त खोडाचा बुंधा राहिला. पुढच्याच पावसाळ्यात त्याच्या बरोबर खाली हा झरा फुटला. देव झाडातून उतरून पाण्यात आला, असं गाव मानतं. बुंध्याला आजवर कुणी कुऱ्हाड लावलेली नाही. रिसॉर्टनं त्याभोवती बांबूचं कुंपण घातलं आणि रोज दिवा लावायला माणूस ठेवला.

ती गोष्ट मी काल ऐकून घेतली होती. आवडलीही होती.

आता मी गुणपालांच्या पायांपाशी वाकून पाहिलं. तळाच्या वाळूत बशीएवढा एक बारीक मातीचा ढीग झाला होता. त्याच्या टोकाला तोंड होतं आणि त्यातून, भात शिजताना मधोमध रटरटतो तसं, पाणी वर येत होतं. भोवतालचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं होतं.

"पाय बाहेर काढा," मी म्हणाले.

"का?"

"काढा आधी."

जेवणघरातून मी काचेचा पेला आणला, झऱ्याच्या तोंडाशी भरला आणि दगडी कठड्यावर ठेवला. घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांनी पेल्याच्या तळाशी नखाच्या कडेएवढा गाळ बसला होता.

एकोणतीस वर्षं मी सरकारी प्रयोगशाळेत बांधांची माती तपासली. माती पिशव्यांमधून यायची, पिशवीवर क्रमांक असायचा. मी ती चाळायची, भिजवायची, दाबून बघायची आणि आकडे लिहायची. भरलेल्या तलावाचा बांध फुटताना मी कधी पाहिलेला नव्हता. पण तो कसा फुटतो ते मला माहीत होतं. प्रत्येक मातीचा बांध पाझरतो, त्यात वाईट काही नाही, पाझर स्वच्छ असला तर. पाझराबरोबर माती येऊ लागली की आत भोक पडलेलं असतं. भोक जितकं मोठं, तितकं पाणी जास्त. पाणी जितकं जास्त, तितकं भोक मोठं. कधी त्याला आठवडा लागतो, कधी एक दुपार.

मी दुसरा पेला भरला.

दिलरुक बत्तीस वर्षांचे, कोलंबोचे. कमरेला लुंगीसारखा पांढरा सारोंग, हातात लहानसा फोन, जो पाहुण्यांपुढे ते पाठीमागे लपवत. त्यांनी पेल्यांकडे पाहिलं आणि हसले.

"मॅडम, वर म्हशी उतरल्या असतील पाण्यात."

"म्हशींनी ढवळलेलं पाणी बांधाच्या आतून एवढ्या लवकर येत नाही. येत असेल तर ते जास्तच वाईट."

"मी दोन माणसं लावतो. चिकणमाती ठोकून तोंड बंद करतील. सिमेंट आम्ही वापरत नाही, सगळं पारंपरिक."

"तोंड बंद करू नका. इथं बुजवलंत तर ते दुसरीकडून फोडेल, कदाचित तुमच्या घरांच्या जोत्याखालून. पाण्याला जाऊ द्यायचं, फक्त माती अडवायची. वाळू हवी, भरपूर. आणि पिशव्या. आणि त्या सहा घरांतली माणसं आत्ताच्या आत्ता वर न्या."

"मॅडम, सगळी घरं भरलेली आहेत. परदेशी मंडळी आहेत. त्यांना काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरं म्हणजे एका पाहुण्या बाईंनी पाण्याचे दोन पेले भरलेत, हे?"

गुणपाल मधे पडले. "दिलरुक, मी चाळीस वर्षं पोस्टात काढली. ही बाई आमच्या घरी दूधवाल्याच्या दुधात काचेची नळी बुडवते. तिनं पाणी घातलंय म्हटलं की त्यानं घातलेलं असतं. कधी चूक झाली नाही. मला तरी हवी होती एखादी."

मी तिसरा पेला भरला. गाळ आता बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत होता. तिन्ही पेले मी कठड्यावर ओळीनं मांडले आणि बाजूला झाले. दिलरुक पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते त्यांनाही कळलं नसावं.

"वरच्या मोठ्या खडकावर चहा," ते जवळच्या नोकराला म्हणाले. "खास चहा. सगळ्यांना. तळणीचे पदार्थ कर, ढोल वाजवणाऱ्याला बोलाव. एकही पाहुणा घरात राहता कामा नये. आणि सायकलवरून जा, विदाने मामांना घेऊन ये."

विदाने म्हणजे तलावाचं पाणी ज्याच्या शब्दावर सुटतं तो. रिसॉर्टची जमीन मालकाची असेल, पण तलाव गावाचा. तलावाचं पाणी शेतांकडे सोडायच्या मोरीची फळी मुतुबंडा विदानेंखेरीज कुणी उचलत नसे.

वाळू होती. ध्यान करायच्या अंगणात रोज सकाळी फणीनं रेघा ओढत, ती पांढरी, धुतलेली, एकसारख्या कणांची वाळू. प्रयोगशाळेतही मला एवढी चांगली कधी मिळाली नाही. पिशव्या मात्र नव्हत्या, कारण या जागेत प्लॅस्टिकला बंदी होती.

"उशांचे अभ्रे," मी म्हणाले.

"हातमागाचे आहेत मॅडम!"

स्वयंपाकघरातून मेणिके बाहेर आली होती. पन्नाशीची, याच गावची, हाताला खोबऱ्याचा चुरा लागलेला. "साहेब, माझं घर या बांधाच्या पाचशे पावलं खाली आहे. तुमच्या अभ्र्यांना मी उद्या स्वतः शिवण घालून देईन. अक्का, किती हवेत?"

"सगळे."

पावणेचारपर्यंत आम्ही झऱ्याच्या तोंडाभोवती वाळूनं भरलेल्या अभ्र्यांचं कडं रचलं. आत वाळूचा थर, वर खडी, त्यावर नारळाच्या काथ्याची चटई. पाणी त्यातून झिरपून वर येऊ लागलं. चौथा पेला तिसऱ्याहून किंचित बरा होता. पाचवा पुन्हा तिसऱ्यासारखा. वाळू माती अडवत होती, पण आतून येणारं पाणी वाढत होतं.

खडकावरून ढोलाचा आवाज येऊ लागला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मुतुबंडा सायकल ढकलत आले. सत्तरीचे, काटकुळे, उघडे, खांद्यावर टॉवेल. त्यांनी आधी अभ्र्यांच्या कड्याकडे पाहिलं.

"देवाला उशा दिल्यात होय? झोपतोय वाटतं."

मी त्यांना पेले दाखवले, वेळा सांगितल्या आणि मला काय वाटतं ते सांगितलं. ते ऐकत होते, पण बघत बांधाकडे होते.

"पाणी उतरवायला हवं," मी म्हणाले. "मोरी उघडली तर रात्रीपर्यंत हातभर उतरेल. आतला जोर कमी होईल."

"बाई, मोरीचं पाणी कुठं जातं ठाऊक आहे?" त्यांनी हात खालच्या पिवळ्या शेतांकडे केला. "चाळीस घरांचं भात. परवा कोयता लागायचाय. मोरी पुरती उघडली की सगळं आडवं होऊन पाण्यात. चार दिवसांत कोंब फुटतील कणसातच. चाळीस घरांनी वर्षभर काय खायचं? तुमच्या इथली पेज?"

"बांध फुटला तर ते भातही जाईल. आणि माणसंही."

"फुटला तर." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेल्या आहात, मी नाही म्हणत नाही. पण हा झरा चार वर्षं वाहतोय. गढूळ झाला म्हणता. देवाला राग आला असेल, या लोकांनी यात पाय बुडवायचे धंदे सुरू केलेत म्हणून. मी नारळ फोडतो, माफी मागतो."

माझ्यापाशी फक्त पाच पेले होते. माझा अंदाज चुकला आणि त्यांनी मोरी उघडली, तर चाळीस घरांचं पीक माझ्या शब्दावर बुडणार होतं. अंदाज बरोबर असला आणि त्यांनी ती उघडली नाही, तर काय होईल ते मी आकड्यांत सांगू शकत होते, पण आकडे इथं कुणाला हवे होते? मी वर पाहिलं. झऱ्याच्या बरोबर वर, बांधाच्या माथ्यावर पाण्याच्या अंगाला तो बुंधा होता.

मेलेल्या झाडाची मुळं कुजतात. मूळ कुजलं की त्याच्या जागी पोकळी राहते, मुळाच्याच आकाराची, बांधाच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत. झाड कोसळलं त्या वर्षी बुंधा खणून, खड्डा चिकणमातीनं ठोकून भरला असता, तर हा झरा फुटलाच नसता. पण देवाच्या झाडाला हात कोण लावणार? गळतीला सगळ्यांनी हात जोडले होते. मीही काल जोडले होते.

"विदाने मामा," मी म्हणाले, "नारळ फोडायच्या आधी बुंध्यावर हळदीचं पाणी शिंपडता ना?"

"शिंपडतो की. त्याशिवाय कसं?"

"आज शिंपडू नका. ओता. घागरभर. बुंध्याच्या पाण्याकडच्या अंगाला, मुळाशी."

त्यांनी डोळे बारीक केले. "आणि मग?"

"मग आपण दोघं खाली झऱ्याकडे बघू. पिवळं आलं नाही तर मी माझे पेले धुवून ठेवते आणि पुन्हा तोंड उघडत नाही."

"हळद सगळी संपेल," मेणिके म्हणाली, "रात्रीच्या आमटीला काय घालू?" आणि म्हणता म्हणताच ती स्वयंपाकघराकडे पळाली.

चार वाजून चोवीस मिनिटांनी मुतुबंडांनी बुंध्यापाशी काहीतरी पुटपुटत घागर ओतली. मी झऱ्याशी, हातात पेला आणि घड्याळ. दिलरुक माझ्या मागे उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. एक मिनिट. दोन. मुतुबंडा बांध उतरून आले आणि उकिडवे बसले. तीन मिनिटं. पाणी पांढुरकंच होतं. माझ्या मनात आलं की मी चुकले असले तर बरं, आणि त्याच वेळी हेही आलं की मला चुकायचं नाही. दोन्ही एकदम येऊ शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

चौथ्या मिनिटाला काथ्याच्या चटईतून पिवळा धागा वर आला. मग दुसरा. मग सगळं पाणी हळदीच्या दुधासारखं झालं, आणि त्याबरोबर मऊ, काळपट, कुजलेल्या सालीचा एक तुकडा तरंगत आला.

मुतुबंडांनी तो उचलला, बोटांत चुरडला, वास घेतला.

"मोह," ते म्हणाले. त्यांनी बांधावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत नजर फिरवली. मग, "वीस हात जाडीचा बांध. चार मिनिटांत?"

"मोठं भोक आहे."

"दुसरा उपाय सांगा. मोरी सोडून."

"बुंधा काढायचा. माती नाही खणायची, मातीला हातही लावायचा नाही, फक्त कुजकं लाकूड काढायचं. पाणी जिथून आत शिरतंय ते तोंड सापडेल. ते त्या अंगानं बुजवायचं, चिकणमातीनं. या अंगानं बुजवलं तर फुटेल, त्या अंगानं बुजवलं तर पाण्याचाच जोर माती दाबून धरेल."

"जमेल?"

"बहुतेक."

"बहुतेक," ते म्हणाले. "माझा बाप विदाने होता, त्याचा बापही. कुणी त्या झाडाची फांदीसुद्धा तोडली नाही. कुऱ्हाड आणा रे."

माणूस कुऱ्हाड घेऊन आला. दुसऱ्या दोघांना त्यांनी जंगलाच्या कडेच्या वारुळाची माती आणायला पिटाळलं. भांड्यांना, चुलींना, बांधांना तीच माती लागते, तिच्यात पाणी शिरत नाही. आम्ही बांधावर चढलो. एका हातावर तलावाचं पाणी होतं, इतकं वर की वाकून स्पर्श करता आला असता. बांबूचं कुंपण काढलं. बुंध्यावर कालच्या दिव्याची काजळी होती आणि मडकी बांधायच्या जुन्या दोऱ्या.

मुतुबंडांनी नारळ फोडला. मग कुऱ्हाड माझ्यापुढे धरली.

"पहिला घाव तुम्ही घाला."

"मी?"

"तुम्ही म्हणताय बहुतेक. तुम्ही पाहुण्या, परवा गाडीत बसून जाल. मी इथं राहणार. उद्या कुणाचं मूल तापानं फणफणलं, कुणाची म्हैस मेली, की लोक माझ्या दारात येतील. खात्री असेल तर हात घाला. नसेल तर मी मोरीकडे जातो, आणि भात बुडवल्याचं पाप घेतो. ते निदान मला कळतं तरी."

"मामा, बाई माणूस..." दिलरुक म्हणाले.

"तुम्ही तुमच्या ढोलाकडे बघा."

कुऱ्हाड हलकी होती. माझा जन्म होण्याआधी सात वर्षं माझी आई अशाच एका झाडाला मडकं बांधत होती. आठव्या वर्षी मी झाले. हे मी प्रयोगशाळेत कुणाला कधी सांगितलं नव्हतं. मला त्याची लाज नव्हती, ते फक्त कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळत नव्हतं. मी उभी राहिले. गुणपाल बांधाखाली झऱ्याशी होते. मी त्यांना पेले भरायचं काम दिलं होतं आणि ते नेमानं करत होते. त्यांनी सहावा पेला वर धरला. उन्हाच्या दिशेनं धरूनही त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं.

मी घाव घातला.

लाकडानं आवाजही केला नाही. कुऱ्हाड लोण्यात शिरावी तशी आत गेली आणि मी तोल जाऊन पुढे झुकले. मुतुबंडांनी माझा दंड धरला. पुढचे घाव त्यांनी घातले. लाकूड ढेपाळत, भुसा होऊन बाहेर येत होतं. दोन वीत खाली गेल्यावर त्यांनी हात घातला आणि एकदम मागे ओढला.

"ओढतंय," ते म्हणाले. "हात ओढतंय."

मी पालथी पडून पाहिलं. कुजक्या मुळाच्या नळीत तलावाचं पाणी गोल फिरत शिरत होतं. नळी माझ्या मांडीएवढी होती. पाण्याचा घुमणारा आवाज बांधाच्या पोटातून येत होता, आणि खडकावर ढोल वाजतच होता.

वारुळाची माती आली. मेणिकेनं ती पायांनी तुडवून, पेंढा घालून, उरलेल्या अभ्र्यांत भरली. पहिला गोळा मुतुबंडांनी नळीत सोडला आणि पाण्यानं तो गिळला. दुसराही. ते माझ्याकडे बघत नव्हते. मला मोरीचं अंतर आठवलं, तिथवर जायला लागणारी मिनिटं आठवली. तिसरा गोळा अडकला. चौथा त्यावर बसला. मग त्यांनी उरलेले सगळे एकापाठोपाठ घातले, टाचेनं दाबले, वरून मोकळी माती ठोकली. घुमणारा आवाज बारीक होत गेला. सहाला दहा मिनिटं असताना तो ऐकू येईनासा झाला. म्हणजे थांबला, की मला ऐकू येईना, हे मी सांगू शकत नव्हते.

मी खाली उतरले. कड्यातलं पाणी अर्ध्याहून कमी झालं होतं, पण अजून येत होतं. गुणपालांनी आठ पेले ओळीत लावले होते आणि प्रत्येकाखाली केळीच्या पानाच्या तुकड्यावर काडीनं वेळ कोरली होती.

"पोस्टातली सवय," ते म्हणाले.

"भरा पुढचा."

मुतुबंडा खाली येऊन कठड्यावर बसले. कोपरापर्यंत मातीनं माखलेले. त्यांनी पानं वाचली नाहीत, पेल्यांकडे पाहिलं. नववा आठव्याहून थोडा उजळ होता. एका पेल्यावरून काही ठरत नाही.

"आजची रात्र बांधाखालच्या कुठल्याच घरात, गावातल्याही, कुणी झोपायचं नाही," मी दिलरुकना म्हणाले. "दर अर्ध्या तासाला एक पेला. उद्या सकाळी पाटबंधाऱ्याचा इंजिनियर हवा. हे कायमचं नाही. कापणी झाली की पाणी उतरवून बांध खणून पुन्हा बांधायला लागेल."

"पाहुण्यांना सांगतो, ताऱ्यांखाली झोपायचा कार्यक्रम आहे," दिलरुक म्हणाले. मग थांबले. "नको. खरंच सांगतो."

मुतुबंडा हात धुवायला झऱ्याकडे वाकले, आणि न धुताच मागे सरले. टॉवेलला पुसले.

"सुगीनंतर मडक्यांचा सण आहे," ते मला म्हणाले. "घाव तुम्ही घातलात. यंदाचं पहिलं मडकं तुमच्या हातचं. यायचं."

"येईन. पण बांधायचं कुठं? झाड तर आता..."

"ते मी बघतो. तुम्ही पाणी बघा."

अंधारू लागलं होतं. दिवे लावणारा माणूस सवयीनं बुंध्याकडे निघाला होता, अर्ध्यावर थांबला आणि काय करावं न कळून माझ्याकडे आला. मी त्याच्या हातून दिवा घेतला. दहावा पेला भरला, कठड्यावर ठेवला आणि दिवा त्याच्या मागे धरला. आधी नुसता तांबूस डाग दिसला. मी घड्याळात पाहून दहा मिनिटं थांबले. डागाला हळूहळू कडा आली, मग टोक, आणि मग पाण्यातून दिव्याची ज्योत दिसली, अंधुक, पण सबंध.

मी केळीच्या पानावर वेळ कोरली आणि अकरावा पेला धुवायला घेतला.